हार्ड डिस्क बायोसमध्येच दिसत नसेल तर

तुमची अडचण थोडक्यात अशी आहे. घरचा डेस्कटॉप सहा-सात वर्षांचा, त्यात १ टीबीची साडेतीन इंची हार्ड डिस्क. गेला आठवडाभर मशीन कधी नीट सुरू व्हायचं, तर कधी काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा संदेश यायचा. आता बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमच्या) यादीतही डिस्कचं नाव नाही. दुकानदार म्हणतो डिस्क गेली, नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) टाका. डिस्कवर टॅलीचा डेटा आणि घरचे फोटो आहेत आणि बॅकअप कुठेच नाही.

डिस्क गेली असं म्हणण्याइतका पुरावा अजून हातात नाही. कधी दिसते, कधी दिसत नाही, या लक्षणामागे बऱ्याचदा डेटा केबल, पॉवरचा सैल कनेक्टर किंवा थकलेला एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) असतो. डिस्क स्वतः शेवटच्या टप्प्यात असली तरी चित्र असंच दिसतं, हेही खरं. त्यामुळे तपासणी अशा क्रमाने करायची की दोष केबलचा असेल तर तो सापडेल आणि डिस्कचा असेल तर आपल्या हातून तिची अवस्था आणखी बिघडणार नाही.

एक गोष्ट आधीच पक्की करा. डेटाची प्रत दुसरीकडे निघेपर्यंत या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. फॉरमॅट नाही, इनिशियलाइज (डिस्क नव्याने तयार करणं) नाही, चेक डिस्क (विंडोजची डिस्क-दुरुस्ती) नाही, विंडोज पुन्हा टाकणं तर अजिबात नाही. कुतूहलापोटी मशीन पुन्हा पुन्हा चालू-बंद करणंही थांबवा. आजारी डिस्कला सगळ्यात जास्त ताण पडतो तो सुरू होताना.

डिस्क हरवण्याच्या जागा चार असतात: तिला वीजच मिळत नाही, वीज मिळते पण मदरबोर्डशी संपर्क होत नाही, संपर्क होतो पण बायोस तिला स्वीकारत नाही, किंवा बायोसला दिसते पण विंडोजमध्ये दिसत नाही. तुमच्याकडे बायोसच्या यादीतच नाव नाही, म्हणजे विंडोजचा इथे काही संबंध नाही. ड्रायव्हर, व्हायरस, अपडेट यांच्या मागे लागू नका. बायोस आपली यादी विंडोज सुरू होण्याच्या आधीच बनवतो.

आता कॅबिनेट उघडू. मशीन बंद करा, मागची पॉवर केबल काढा आणि अर्धा मिनिट चालू करायचं बटण दाबून धरा, म्हणजे आत राहिलेली वीज उतरते. बाजूचं झाकण काढल्यावर कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, मग बाकीच्या भागांना. डिस्कला दोन केबल असतात, दोन्ही सॅटा या पद्धतीच्या. रुंद ती पॉवरची, १५ पिनांची. अरुंद ती डेटाची, ७ पिनांची. डेटाची केबल काढून ठेवा, पॉवरची राहू द्या, आणि मशीन चालू करून डिस्कच्या कडेला बोटं टेकवा.

हे एक मिनिट मोबाइलमध्ये घालवू नका, नीट ऐका. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते आणि ती घुमणारी बारीक थरथर बोटांना स्पष्ट कळते. सुरुवातीला फिरण्याचा चढता आवाज, मग एखादा हलका टिक आणि त्यानंतर एकसारखी घरघर, असं असेल तर मोटर आणि हेड (फिरत्या तबकडीवरची माहिती वाचणारे भाग) बहुतेक ठीक आहेत. काहीच हालचाल नसेल तर प्रश्न विजेचा किंवा डिस्कच्या खालच्या सर्किट बोर्डाचा. डिस्क फिरते, ठरावीक लयीत खट-खट करते आणि थांबते, तर हेड तबकडीवरची माहिती वाचू शकत नाहीत. आणि डिस्कमधून बारीक बीप किंवा गुणगुण येते पण ती फिरत नाही, तर मोटर अडकली आहे किंवा हेड तबकडीवर चिकटले आहेत. या शेवटच्या दोन आवाजांपैकी एकही ऐकू आला तर तिथेच मशीन बंद करा. खाली लिहिलेलं बाकीचं काहीही मग घरी करायचं नाही. अशा डिस्कला प्रत्येक वेळी वीज देताना तबकडीवर ओरखडे पडण्याचा धोका असतो, आणि ओरखड्याखालची माहिती कुणीही परत आणू शकत नाही.

डिस्क फिरतच नसेल तर विजेकडे वळा. साडेतीन इंची डिस्कला दोन व्होल्टेज लागतात. १२ व्होल्टवर मोटर फिरते, ५ व्होल्टवर इलेक्ट्रॉनिक्स चालतं. त्याच एसएमपीएसमधून आलेला दुसरा सॅटा पॉवर कनेक्टर लावून बघा. डीव्हीडी रायटरला गेलेला चालेल. मल्टिमीटर असेल तर रिकाम्या चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरवर काळ्या आणि पिवळ्या तारेत १२, काळ्या आणि लाल तारेत ५ यायला हवेत. ५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे ११.४ ते १२.६ आणि ४.७५ ते ५.२५. मोजणी डिस्क जोडलेली आणि मशीन चालू असताना करा, कारण कमजोर एसएमपीएस रिकामा असताना आकडे अगदी छान दाखवतो.

एक खूण लक्षात ठेवा. सकाळी थंड मशीन चालू केलं की डिस्क सापडत नाही, पण लगेच कंट्रोल-ऑल्ट-डिलीट करून पुन्हा सुरू केलं की सापडते, असं तुमच्याकडे झालं होतं का? फिरायला लागताना साडेतीन इंची डिस्क १२ व्होल्टच्या लाइनमधून दोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. नंतर नुसतं फिरत राहायला त्याच्या काही अंशच लागतो. एसएमपीएस थकलेला असला की नेमक्या त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं, डिस्क वेळेत तयार होत नाही आणि बायोस तिची वाट न बघता पुढे जातो. पुन्हा सुरू करताना ती आधीच फिरत असते, म्हणून सापडते. अशा वेळी चांगल्या स्थितीतला दुसरा एसएमपीएस लावून बघणं हाच खरा पुरावा. डिस्कची मोटर जड झाली असेल तरी हेच लक्षण दिसतं, म्हणून एसएमपीएस बदलून डिस्क सापडली तरी पहिलं काम डेटा काढण्याचंच.

उलट प्रकारही असतो. डिस्कची पॉवर केबल जोडली की अख्खं मशीनच चालू होत नाही, पंखा जरासा हलून थांबतो, आणि केबल काढली की सगळं नीट चालतं. इथे डिस्कच्या बोर्डावरचा संरक्षक डायोड शॉर्ट झालेला असतो. जास्त व्होल्टेज आलं की स्वतः जळून बाकीचं सर्किट वाचवायचं, हेच त्याचं काम. ऐकायला भयानक असलं तरी डेटाच्या दृष्टीने ही बातमी बरी आहे. सोल्डरिंगचा चांगला हात असलेला तंत्रज्ञ तो डायोड काढतो आणि डिस्क बऱ्याचदा डेटा काढून घेण्यापुरती चालते.

विजेच्या बाबतीत दोन सूचना मी कळकळीने करतो. मॉड्युलर एसएमपीएसच्या, म्हणजे ज्याच्या केबल दोन्ही टोकांनी निघतात त्याच्या, केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका. प्लग तंतोतंत बसतो, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची आणि कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचीही वेगळी असते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की त्या केबलवरच्या सगळ्या डिस्क एका क्षणात जळतात. दुसरं, मोलेक्सवरून सॅटा करणारे जे स्वस्त, अखंड साच्यातले कनेक्टर मिळतात, त्यांत तारा एकमेकींना चिकटून शॉर्ट होतात आणि प्लास्टिक पेटतं. असा कनेक्टर तुमच्या मशीनमध्ये दिसला तर आजच काढा.

डिस्क नीट फिरत असेल तर पुढचा संशय डेटा केबलवर. लोक या केबलकडे दुर्लक्ष करतात, कारण तिच्यात बिघडण्यासारखं काही दिसतच नाही. पण कॅबिनेटमधला सॅटा कनेक्टर साधारण ५० वेळा काढ-घाल सोसेल अशाच हिशोबाने बनवलेला असतो. लॉकिंगची पत्ती नसलेली केबल डिस्कच्या थरथरीने वर्षानुवर्षांत हळूहळू सरकते. झाकण बसवताना काटकोनात दुमडलेली केबल आतून तुटते. सहा-सात वर्षांच्या मशीनमध्ये मी डिस्कला दोष देण्याआधी नवी, धातूच्या पत्तीची केबल लावतो. किरकोळ किमतीची वस्तू आहे. जुनीच काढून पुन्हा घट्ट बसवून डिस्क दिसायला लागली तरी तेवढ्यावर समाधान मानू नका, नवी टाका.

केबल बदलूनही फरक पडला नाही तर मदरबोर्डवरचा पोर्ट बदला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर बायोसची यादी बघायची. तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या आणि डिस्क सापडली, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि महिन्याभरात तोच त्रास पुन्हा उभा राहतो.

पोर्ट खरोखर खराब होतात. जानेवारी २०११ मध्ये इंटेलने आपल्या ६-सीरिज चिपसेटमधला दोष स्वतः जाहीर केला होता. त्यात ३ गिगाबिट वेगाचे सॅटा पोर्ट काळानुसार कमकुवत होत जायचे, ६ गिगाबिटचे पहिले दोन पोर्ट मात्र शाबूत राहायचे. त्या सुरुवातीच्या काळातला बोर्ड कुणाकडे अजून चालू असेल तर डिस्क त्या पहिल्या दोन पोर्टांवर न्या. तुमच्या बोर्डला हे लागू नाही, पण त्या पिढीनंतरच्या बोर्डांची एक वेगळी गंमत तुम्हाला लागू होऊ शकते. एम.२ स्लॉटमध्ये (बोर्डावरच्या छोट्या खाचेत) एसएसडी बसवली की अनेक बोर्डांवर एक-दोन सॅटा पोर्ट आपोआप बंद होतात, कारण दोघांना मिळून डेटाची वाट एकच असते. अलीकडे कुणी तुमच्या मशीनमध्ये एम.२ एसएसडी बसवली असेल तर बोर्डच्या मॅन्युअलमधला तो तक्ता बघा. दोष काहीच नसतो, डिस्क फक्त शेजारच्या पोर्टवर न्यायची असते.

आता बायोस. घड्याळ बघा. तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे आणि सगळी सेटिंग मूळ स्थितीला गेली आहेत. त्यात सॅटा कंट्रोलर किंवा एखादा पोर्ट डिसेबल झालेला असू शकतो, बूटचा क्रम बदललेला असू शकतो. सेल बदला, पोर्ट एनेबल करा. फास्ट बूट बंद करून बघा, म्हणजे बायोस डिस्कची थोडी जास्त वाट बघतो. सॅटा मोड (बायोसने डिस्कशी बोलायची पद्धत) मात्र सरसकट बदलू नका. विंडोज ज्या मोडमध्ये बसवलं होतं, एएचसीआय किंवा रेड, तोच मोड हवा. बदलला तर डिस्क दिसेल पण विंडोज निळ्या पडद्यावर अडकेल. आणि बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू होतं का ते आठवा. सेटिंग बदलल्यावर ते ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून आधी शोधून कागदावर उतरवून ठेवा.

बायोसमध्ये डिस्क दिसते पण नाव विचित्र आहे, किंवा क्षमता शून्य दाखवते, तर तो केबलचा विषय राहत नाही. डिस्क स्वतःचं फर्मवेअर (तिला चालवणारा आतला प्रोग्रॅम) बऱ्याच अंशी तबकडीवरच्या एका राखीव भागात ठेवते आणि सुरू होताना तिथून वाचते. ते वाचता आलं नाही की ती स्वतःची ओळखच सांगू शकत नाही. सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ मालिकेत फर्मवेअरच्या चुकीमुळे नेमकं असं व्हायचं. तबकड्या, हेड, मोटर सगळं उत्तम, पण सकाळी मशीन चालू केलं की डिस्क गायब. २००९ च्या सुरुवातीला कंपनीने त्यावर सुधारित फर्मवेअर काढलं. अशा डिस्कचा डेटा जसाच्या तसा आत असतो, फक्त तो काढायला त्यासाठीची खास साधनं लागतात.

किनारपट्टीच्या गावात राहत असाल तर आणखी एक कारण बघण्यासारखं आहे. डिस्कचा हिरवा किंवा निळा बोर्ड उलटा केला की आतल्या बाजूला काही चकचकीत चौकोनी ठिपके दिसतात. डिस्कच्या पोटातल्या हेडकडून येणारे संकेत स्प्रिंगच्या पिनांमधून याच ठिपक्यांवर येतात. चार पावसाळे काढलेल्या मशीनमध्ये ते काळे पडलेले मी खूप पाहिले आहेत. टॉर्क्स स्क्रू काढून, मऊ खोडरबराने ठिपके हलके घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बोर्ड परत बसवला की काही डिस्क लगेच ओळख देतात. डेटा अमूल्य असेल तर हे स्वतः करू नका. पण जवळच्या तंत्रज्ञाला ते ठिपके बघायला जरूर सांगा, कारण घाईत ही गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही.

समजा, यातल्या कुठल्या तरी पायरीवर डिस्क दिसायला लागली. आता थांबा आणि मशीन त्याच डिस्कवरून विंडोजमध्ये नेऊ नका. विंडोज सुरू होताना सतत काही ना काही लिहीत असतं. डिस्क दुसऱ्या चालू डेस्कटॉपला जादा डिस्क म्हणून जोडा. यूएसबी अडॅप्टर वापरणार असाल तर स्वतःचा १२ व्होल्टचा पॉवर प्लग असलेला घ्या. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कसाठीचा साधा अडॅप्टर यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालतो आणि साडेतीन इंची डिस्क त्यावर फिरणारच नाही. विंडोजने डिस्क फॉरमॅट करायची का असं विचारलं तर कॅन्सल. डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर इनिशियलाइजची खिडकी आली तरी कॅन्सल.

नकलेचा क्रमही ठरवा. आधी टॅलीचं डेटा फोल्डर. त्यात १०००० अशा आकड्यांच्या नावांची फोल्डर असतात, एकेक कंपनीचं एकेक, ती पूर्णच्या पूर्ण घ्या. मग फोटो. चित्रपट आणि सॉफ्टवेअर शेवटी, किंवा नाहीच. नकल करताना एखाद्या फाइलवर डिस्क अडकली, वेग शून्याला टेकला, तर तिथे हट्ट धरू नका. अशा डिस्कसाठी लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून चालणारं डीडीरेस्क्यू हे साधन मी वापरतो. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडणारे भाग नंतरसाठी बाजूला ठेवतं, आणि कुठवर आलं याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. त्यामुळे मध्येच डिस्क पुन्हा गायब झाली तरी काम तिथून पुढे सुरू करता येतं. चेक डिस्कचा मी इतका विरोध करतो त्याचं कारण हेच. ते फाइलींची रचना दुरुस्त करताना जे जुळत नाही ते तोडून टाकतं, आणि पूर्ण तपासणीचा पर्याय दिला तर सगळे सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे) वाचायला लावून मरणाऱ्या डिस्कला तासन् तास राबवतं.

प्रत निघाली की मग क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून डिस्कचे स्मार्ट आकडे (डिस्क स्वतःच ठेवत असलेली तब्येतीची नोंद) बघा. केबल की डिस्क, याचा निवाडा इथे होतो. ०५ म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचायला त्रास देणारे, सी६ म्हणजे वाचताच न आलेले. हे आकडे वाढत असतील तर डिस्क जाणार आहे. सी७ हा आकडा मात्र वेगळा आहे. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या प्रवासात किती वेळा माहिती बिघडली ते तो मोजतो. पहिले तिन्ही शून्य आणि सी७ मोठा असेल तर डिस्क निर्दोष आहे आणि केबल गुन्हेगार. केबल बदलल्यावर सी७ खाली येत नाही, तो कायमचा राहतो. आजचा आकडा लिहून ठेवा आणि पंधरा दिवसांनी तो तेवढाच आहे ना ते बघा. प्रोग्रॅम आकडे हेक्साडेसिमल (१६ च्या) पद्धतीत दाखवू शकतो, सेटिंगमध्ये दशमान निवडलं की वाचायला सोपं जातं.

ज्यांची डिस्क बायोसमध्ये दिसते पण विंडोजमध्ये दिसत नाही, त्यांची वाट पूर्ण वेगळी आणि बरीच सोपी आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये विभाग (पार्टिशन) निरोगी दिसतो पण ड्राइव्हचं अक्षर (डी, ई असं) नाही, तर अक्षर द्या. क्लोन केलेली डिस्क मूळ डिस्कसोबतच जोडली तर दोघींची सही (डिस्कवर लिहिलेला ओळख-क्रमांक) एकच असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन ठेवतं. विंडोज बसवताना यादीच रिकामी येत असेल आणि प्रोसेसर इंटेलच्या ११व्या पिढीचा किंवा नंतरचा असेल, तर इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्यावा लागतो, किंवा बायोसमध्ये व्हीएमडी (इंटेलची डिस्क सांभाळायची सोय) बंद करावं लागतं. विभाग रॉ (म्हणजे विंडोजला त्याची फाइल-रचना ओळखता येत नाही) दिसत असेल तर मात्र वर लिहिलेले प्रत काढण्याचे नियम त्यालाही तसेच्या तसे लागू.

आणि काहीच उपयोग झाला नाही तर? दुसऱ्या मशीनवर, नव्या केबलवर, चांगल्या एसएमपीएसवरही डिस्क दिसली नाही, तर ती बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे न्या. डिस्क उघडायची वेळ आलीच तर त्यांच्याकडे त्यासाठी स्वच्छ हवेची बंदिस्त जागा आहे का, आधी निदान आणि लेखी खर्च देतात का, हे विचारा. घरी झाकण उघडू नका. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवरून फिरतं आणि धुळीचा साधा कण त्याहून कितीतरी मोठा असतो. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला अजूनही फिरतो, त्याने आत दव धरतं. तशाच मॉडेलच्या डिस्कचा बोर्ड काढून लावायचा उपायही आजच्या डिस्कवर सहसा चालत नाही, कारण बोर्डावरच्या छोट्या आठ पायांच्या चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडची मोजमापं लिहिलेली असतात. ती चिप, किंवा तिच्यातली माहिती, नव्या बोर्डावर न्यावी लागते.

दुकानदाराच्या एका म्हणण्याशी मी सहमत आहे: विंडोजसाठी एसएसडी घ्याच, डिस्क वाचली तरी. फक्त ती बसवताना जुनी डिस्क मशीनमधून पूर्ण काढून ठेवायला त्याला सांगा. दोन्ही जोडलेल्या असल्या तर विंडोजचा इन्स्टॉलर एसएसडीवर विंडोज टाकतो, पण बूटचा छोटा विभाग अनेकदा जुन्या डिस्कवर ठेवतो, आणि पुढे ती डिस्क काढली की एसएसडी टाकलेलं मशीनही बूट डिव्हाइस नाही म्हणायला लागतं. चुकून जुन्या डिस्कवरच नवा विभाग बनवला गेला तर तुमचा डेटा जाईल तो वेगळाच.